तरुण अठराचे तिकीट

आमच्या अक्कलकोटला रेल्वे आहे असे म्हणावे तर आहे, नाही म्हणावे तर नाही. स्टेशनाचे नाव 'अक्कलकोट रोड' आणि साऱ्या गोष्टीची गोम त्या 'रोड'मध्ये आहे. गाव इथे आणि स्टेशन तिकडे दहा-अकरा किलोमीटरांवर. स्वामींच्या दर्शनाला प्रथमच येणारा पाहुणा फलाटावर उतरतो, चहूकडे नजर टाकतो आणि हमालाला विचारतो, "गाव कुठं आहे हो?" हमाल नुसता हात करतो. जुन्या ग्रेट इंडियन पेनिन्शुला रेल्वेला आमच्या गावाशी काही कर्तव्य नव्हते. तिला रायचूर गाठून मद्रासकडून येणारी लाईन पकडायची होती, आणि १८७१ साली तिने ती पकडली. वाटेत आम्ही होतो, म्हणून एक स्टेशन दिले, एवढेच.

अशा गावात चौतीस वर्षे भूगोल शिकवलेल्या माणसाला गाड्यांच्या वेळापत्रकाचा नाद लागला तर नवल नाही. आमच्या घरी पंचांगाच्या शेजारच्या खुंटीला वेळापत्रक टांगलेले असे. पुढे वेळापत्रक मोबाईलवर आले. खुंटी रिकामी झाली, नाद गेला नाही. आमची सौ. म्हणते, "यांना प्रवासाची हौस नाही, गाड्यांची आहे." ते खरेही आहे. कारण प्रवास म्हणाल तर आम्हा उभयतांचा असा झालाच नव्हता. घर स्वामींच्या गावात. त्यामुळे बारा महिने पाहुणे. कुणी आत्याबाई आल्या की त्यांना गाणगापूरला न्यायचे, कुणी मामा आले की तुळजापूर, पंढरपूर. दहा माणसांचे गाठोडे, पंचवीस जणांचा डबा आणि मी तिकिटे मोजणारा. नवराबायको शेजारी बसून खिडकीबाहेर पाहत चाललो आहोत, असे चित्र बेचाळीस वर्षांच्या संसारात आठवत नाही.

ते चित्र उमटले ते थेट जपानात.

आमची लेक आणि जावईबापू तोक्योला असतात. एदोगावा नावाच्या भागात, निशी-कासाई स्टेशनाजवळ. तिथे आपल्या लोकांची एवढी वस्ती आहे, की भाजीच्या दुकानात कढीलिंब मागायला दुभाषा लागत नाही. त्याच एदोगावातून २०१९ साली योगेंद्र पुराणिक हे मराठी गृहस्थ तिथल्या नगरसभेवर निवडून गेले होते. २०२५ च्या फेब्रुवारीत लेकीने आम्हाला बोलावून घेतले. महिनाभर नातवाशी खेळून झाल्यावर ती म्हणाली, "बाबा, तुम्ही मुलांना वर्गात हिरोशिमा इतकी वर्षं शिकवलंत. आता बघून या. मी शिंकान्सेनची तिकिटं काढते."

शिंकान्सेन म्हणजे तिथली ती बंदुकीच्या गोळीसारखी गाडी. १ ऑक्टोबर १९६४ पासून धावते आहे. तोक्यो ते हिरोशिमा हे सुमारे नऊशे किलोमीटरांचे अंतर ती चार तासांत तोडते. मी भाडे विचारले. लेक सहजपणे म्हणाली, "एका माणसाला एका बाजूचे एकोणीस हजार येन होतील." मी मनात गुणाकार केला. दोघांचे जाऊन-येऊन शहात्तर हजार येन! रुपयांत चाळीस हजारांच्या वर. पेन्शनर माणसाच्या पोटात गोळा यायला एवढे पुरे आहे.

"पैसे मी देणार आहे, बाबा."

इथेच माझे बिनसले. मुलांनी आपल्यासाठी खर्च करावा, हे ऐकायला गोड वाटते. पण ज्या हाताने तिच्या सहलीचे पैसे मोजून दिले, तोच हात पुढे करायचा म्हणजे जरा जड जाते. वाचकांपैकी ज्यांची मुले परदेशी आहेत, त्यांना मी काय म्हणतो ते कळेल. बाकीच्यांनी हा म्हाताऱ्याचा ताठा समजावा. तो होताच.

मी रात्रभर मोबाईलवर खटपट केली आणि सकाळी विजयी मुद्रेने जाहीर केले, "आम्ही आमच्या पैशाने जाणार. तरुण अठराच्या तिकिटावर!"

हे 'तरुण अठरा' प्रकरण काय आहे ते सांगतो. मूळ नाव 'सेइशुन जूहाची किप्पु'. सेइशुन म्हणजे शब्दशः हिरवा वसंत, अर्थात तारुण्य; जूहाची म्हणजे अठरा; किप्पु म्हणजे तिकीट. १९८२ साली तिथली सरकारी रेल्वे कर्जात बुडत चालली होती आणि शाळा-कॉलेजच्या सुट्ट्यांत सावकाश गाड्या रिकाम्या धावत होत्या. रिकाम्या बाकांचे काहीतरी करायचे म्हणून तिने हे स्वस्त तिकीट काढले. एकच अट: बसायचे ते सावकाश गाडीत, फार तर साध्या जलद गाडीत. शिंकान्सेनला हात लावायचा नाही, जादा भाड्याच्या एक्स्प्रेसलाही नाही. पुढे १९८७ साली त्या सरकारी रेल्वेचे तुकडे होऊन निरनिराळ्या कंपन्या झाल्या, पण तिकीट टिकले. वर्षातून तीन हंगामांत ते मिळते: वसंतात, उन्हाळ्यात आणि हिवाळ्यात. म्हणजे विद्यार्थ्यांच्या सुट्ट्यांत.

आणि गंमत अशी की नाव अठराचे असले तरी वयाची अट नाही. अठरा वर्षांच्या पोरालाही तेच, अडुसष्ट वर्षांच्या मास्तरलाही तेच. पूर्वी एका तिकिटावर पाच शिक्के बसत. वाटल्यास एकाने पाच दिवस फिरावे, वाटल्यास पाच जणांनी मिळून एक दिवस. आपल्या एकत्र कुटुंबाला किती सोयीचे! पण २०२४ च्या हिवाळ्यापासून नियम बदलला. आता एक तिकीट एकाच माणसाचे, आणि दिवसही सलग. आम्ही गेलो त्या वसंतात तीन दिवसांचे दहा हजार येन आणि पाच दिवसांचे बारा हजार पन्नास येन असा दर होता. मी पाच दिवसांची दोन तिकिटे घेतली. चोवीस हजार शंभर येन. कुठे चोवीस आणि कुठे शहात्तर!

परदेशी पाहुण्यांसाठी तिथे निराळा रेल्वे पास आहे, त्यात शिंकान्सेनही चालते. पण ऑक्टोबर २०२३ मध्ये सात दिवसांच्या पासाची किंमत सुमारे तीस हजारांवरून एकदम पन्नास हजार येन झाली. तेव्हा तो विचार दाराबाहेरच राहिला.

लेक म्हणाली, "बाबा, आईचे गुडघे?"

मी म्हणालो, "गाडीत बसायचं आहे, गाडी ओढायची नाही."

सौ. काही बोलली नाही. तिने सोलापूरहून आणलेल्या कडक भाकऱ्या मोजल्या, शेंगाचटणीची पुडी बांधली आणि पिशवी तयार केली. बेचाळीस वर्षे तिने हेच केले होते.

मार्चच्या शेवटच्या आठवड्यात आम्ही निघालो. पहिला धडा दारातच मिळाला. निशी-कासाईची मेट्रो निराळ्या कंपनीची. तिथे हे तिकीट चालत नाही. वेगळे पैसे मोजून तोक्यो स्टेशन गाठले आणि तेथून पश्चिमेची गाडी धरली. सुरुवातीला डबा माणसांनी भरलेला. पण आवाज? शाळा तपासनीस आल्यावर वर्गात असे तेवढाच. पुढे वस्ती विरळ झाली, ओदावाराच्या पुढे डाव्या हाताला एकदम समुद्र उघडला आणि सौ.ने माझ्या हाताला धरून म्हटले, "अहो, बघा!" बारा हजारांतले निम्मे तिथेच वसूल झाले असे मला वाटले.

पण पहिल्या दिवसाचा मार्ग म्हणजे तोक्यो ते नागोया, साडेतीनशेहून अधिक किलोमीटर. सावकाश गाडी एवढे अंतर एका दमात जात नाही. अतामीला बदला, पुढे शिझुओकाच्या बाजूला बदला, हामामात्सूला बदला, तोयोहाशीला बदला. आणि मी काय केले? वेळापत्रकाच्या अभिमानात चार-चार, पाच-पाच मिनिटांच्या जोडण्या निवडल्या. कागदावर त्या अशा शोभून दिसत होत्या! गाडी मिनिटाला मिनिट वेळेवर येते, यात शंका नाही. पण माणूस? पलीकडच्या फलाटावर जायला जिना. लिफ्ट बहुतेक ठिकाणी आहे, पण ती फलाटाच्या दुसऱ्या टोकाला; तिथवर जाऊन येईपर्यंत चार मिनिटे संपतात. तरुण मंडळी दार उघडताच पळत सुटतात, कारण पुढच्या गाडीत जागा धरायची असते. त्या लोंढ्यात मी पुढे, दोन्ही पिशव्या घेऊन, आणि ही मागे कठडा धरून एक-एक पायरी.

उजव्या बाजूला फुजी पर्वत दिसला. वर पांढरी टोपी, खाली निळा. मी आनंदाने वळलो तर ही डोळे मिटून गुडघा दाबत बसली होती. "बघ ना गं," मी म्हणालो. तिने पाहिले आणि म्हणाली, "छान आहे." पाहुण्यांनी भाजीची स्तुती केल्यावर ती ज्या सुरात 'हो का' म्हणते, तसा तो सूर होता.

हामामात्सूच्या फलाटावर ती बाकावर बसली आणि उठेना. आमची गाडी समोर उभी होती. शिट्टी झाली, दारे मिटली, गाडी गेली. मी घड्याळाकडे पाहून चुकचुकलो. तेव्हा ती शांतपणे म्हणाली, "लेकीचे पैसे घ्यायला तुम्हाला कमीपणा वाटतो. वाटू दे. पण तुमचा मान माझ्या गुडघ्यावर का हो चढवता?"

वाचकहो, भूगोलाच्या मास्तरला दिशा कळायला पाहिजे. मला ती त्या फलाटावर कळली. मी काही उत्तर दिले नाही, कारण उत्तर नव्हते. शेजारच्या यंत्रातून गरम चहाची बाटली आणली, तिच्या हातात दिली आणि खिशातला तो जोडण्यांचा कागद घडी करून पिशवीच्या तळाशी घातला. "आता जी गाडी येईल ती. एक गेली तर दुसरी." त्या मार्गावर गाड्यांना तोटा नसतो. दिवसभर ठरावीक अंतराने एकामागून एक येत असतात. हे मला आधीही माहीत होते. पण वेळापत्रक पाठ असणे निराळे आणि ते कशासाठी असते हे कळणे निराळे.

तेथून पुढे प्रवास बदलला. हामानाको सरोवरावरून गाडी गेली तेव्हा आम्ही दोघेही खिडकीशी होतो. नागोयाला मुक्काम केला. दुसऱ्या दिवशी सेकिगाहाराच्या खिंडीतून गेलो. १६०० साली इथे झालेल्या लढाईने जपानची पुढली अडीचशे वर्षे ठरवली. मी आपले पानिपताशी तुलना करीत व्याख्यान सुरू केले आणि हिने मान डोलवत एक डुलकी काढली. माइबारापासून एक विशेष जलद गाडी मिळते. तिला जादा भाडे नाही. क्योतो, ओसाका, कोबे अशी शहरे मागे टाकीत अडीच तासांत तिने आम्हाला हिमेजीला सोडले. वाटेत समुद्रावरचा आकाशी पूल दिसला. जवळजवळ चार किलोमीटर लांबीचा, १९९८ साली पुरा झालेला. हिमेजीचा पांढराशुभ्र किल्ला पाहिला. चेरीच्या कळ्या नुकत्या कुठे उमलू लागल्या होत्या. हिने किल्ल्याच्या पायऱ्या चढायला साफ नकार दिला आणि मीही एकट्याने चढायला नकार दिला. आम्ही खाली बसून शेंगाचटणी-भाकरी खाल्ली. तिथल्या साध्या गाड्यांत समोरासमोर लांब बाके असतात. अशा डब्यात सहसा कोणी खात नाही. म्हणून आमची जेवणे फलाटावर नाहीतर बागेत.

तिसऱ्या दिवशी जे घडले, ते सांगण्यासाठीच खरे म्हणजे हा लेख लिहायला घेतला.

ओकायामाच्या पुढे डबा जवळजवळ रिकामा होता. आमच्या समोर एक आजीबाई येऊन बसल्या. ऐंशीच्या पुढे असाव्यात. पाठ वाकलेली, मांडीवर फडक्यात बांधलेले गाठोडे. आपल्याकडच्या कुठल्याही आजीच्या मांडीवर ते शोभले असते. त्यांनी हिच्याकडे पाहिले, हिच्या साडीकडे पाहिले आणि हसल्या. थोड्या वेळाने गाठोडे सोडून दोन मोठी संत्रीवजा फळे काढली आणि दोन्ही हातांनी पुढे केली. आता फुकट घेण्याची आमच्या घरची रीत नाही. हिने पिशवीतून कडक भाकरीचा मोठा तुकडा कागदात गुंडाळून दिला. आजींनी तो उलटसुलट पाहिला, वास घेतला आणि एकदम खुशीत येऊन म्हणाल्या, "सेम्बेइ!" सेम्बेइ म्हणजे तिकडची तांदळाची कुरकुरीत पापडी. हिने ठासून सांगितले, "ज्वारी." आजींनी मान डोलावली, "ज्वारी." झाले! पुढचा अर्धा तास दोघी बोलत होत्या. ही मराठीतून, त्या जपानीतून, आणि कुणाचेच अडत नव्हते. मी मात्र मोबाईलवरचे भाषांतराचे यंत्र हातात धरून मूर्खासारखा बसलो होतो.

ओनोमिचीच्या अलीकडे एका लहानशा स्टेशनावर आजी उतरल्या. फलाटावर दुसरे माणूस नव्हते. गाडी हलली तरी त्या आमच्या खिडकीकडे तोंड करून उभ्याच. कमरेत आणखी वाकून नमस्कार केला आणि दिसेनाशा होईतो तशाच राहिल्या.

मी हिच्याकडे पाहिले तर हिच्या डोळ्यांना धार.

"काय झालं गं?"

"दुधनीच्या स्टेशनावर माझी आई अशीच उभी राहायची."

दुधनी हे हिचे माहेर. अक्कलकोट रोडहून गाणगापूरकडे जाताना लागते. लग्नानंतरच्या पहिल्या वर्षांत पाहुण्यांना घेऊन आम्ही वरचेवर पॅसेंजरने गाणगापूरला जात होतो, हे मी वर सांगितलेच आहे. मी पुरुषमंडळींत, ही सासूबाईंबरोबर बायकांत. दुधनीला गाडी दोन मिनिटे थांबे. मधेच उतरून माहेरी जायची सोय नव्हती; तसे विचारायचीही पद्धत नव्हती. पण आमच्याकडे पाहुणे आले आहेत आणि गाणगापूरची वारी ठरली आहे, हा निरोप कुणाच्या तरी तोंडी दुधनीला पोचे. मग हिची आई स्टेशनावर येऊन उभी राही. दोन मिनिटांत खिडकीच्या गजांतून शेंगापोळीचे पुडके आत येई, डोक्यावरून हात फिरे, गाडी हले आणि आई फलाटावर लहान-लहान होत जाई.

"एवढी वर्षं मला बोलली नाहीस?"

"तुम्ही पुढच्या डब्यात तिकिटं मोजत होतात," ती म्हणाली. आणि मग डोळे पुसून, "बरं झालं पॅसेंजर होती. एक्स्प्रेस दुधनीला थांबली नसती तर आई दिसलीच नसती."

मी कित्येक वर्षे मुलांना शिकवले, की जलद गाडी मोठ्या शहरांना जोडते आणि सावकाश गाडी लहान गावांना. परीक्षेत त्याला दोन गुण असत. त्या वाक्यात माझी सासू उभी आहे, हे मला हिरोशिमाच्या वाटेवर कळले.

हिरोशिमाबद्दल मी जास्त लिहीत नाही. पुष्कळांनी लिहिले आहे. ६ ऑगस्ट १९४५ ची सकाळ, सव्वाआठ वाजताची. ते सांगाडा उरलेले घुमटाचे घर, ती संग्रहालयातली मुलांची दप्तरे आणि डबे. बाहेर आल्यावर आम्ही दोघे बराच वेळ नदीकाठी न बोलता बसलो. एक गोष्ट मात्र सांगतो. शहराची राख झाल्यावर तिसऱ्या दिवशी, ९ ऑगस्टला, ट्रामच्या एका लहानशा टप्प्यावर गाडी पुन्हा सुरू झाली. लोकांना आपली माणसे शोधायची होती. त्या शहरात आजही ट्राम चालते. आम्ही तिच्यात बसलो तेव्हा हिने जाता-येता चालकाला नमस्कार केला.

चौथ्या दिवशी मियाजिमा बेटावर गेलो. आमच्या तिकिटावर तिथली रेल्वे कंपनीची बोटसुद्धा चालते. बेटावर येणाऱ्याचा शंभर येनचा कर तेवढा वेगळा. समुद्रात उभी असलेली ती लाल कमान पाहिली. आणि संध्याकाळी खोलीवर आल्यावर मी स्वतः लेकीला फोन लावला.

मूळ बेत असा होता, की पाचव्या दिवशी पहाटे निघून सावकाश गाड्यांनीच एका दमात रात्री तोक्यो गाठायचे. वेळापत्रकात ते बसते. पंधरा-सोळा तास लागतात. मी म्हणालो, "बाळ, परतीची शिंकान्सेनची तिकिटं काढ. पैसे तूच दे."

पलीकडे क्षणभर शांतता. मग, "बाबा, बरं आहे ना तुम्हाला?"

"मला उत्तम आहे. तुझ्या आईचा गुडघा सुजला आहे, आणि तो माझ्यामुळे सुजला आहे."

दुसऱ्या दिवशी चार तासांत तोक्यो. फुजी दिसला तोवर चष्मा काढून पुसला, तेवढ्यात गेला.

आता हिशेब. मास्तरचा लेख हिशेबावाचून संपत नाही. दोन तिकिटांचे चोवीस हजार शंभर, परतीचे सुमारे अडतीस हजार. मिळून बासष्ट हजार. वाटेत नागोया आणि हिमेजी इथे ज्या दोन जादा रात्री काढल्या, त्यांचे हॉटेलचे भाडे मिळवले तर बचत जवळजवळ शून्य. म्हणून माझ्यासारख्या मंडळींना चार गोष्टी सांगून ठेवतो. सावकाश गाडीचे तिकीट स्वस्त असते, पण ते वेळ खाते, आणि वेळ म्हटला की मुक्काम आला. घरच्या कुणाकडे वाटेत उतरायची सोय असेल तरच खरी बचत. जोडणी कधीही वीस मिनिटांच्या आत धरू नये. एक गाडी सोडून द्यायची तयारी ठेवावी. स्टेशनातली लिफ्ट कोणत्या टोकाला आहे ते आधी विचारून त्याच बाजूच्या डब्यात बसावे. आणि नवराबायको दोघे जाणार असतील तर बेत दोघांनी आखावा.

जर्मनीत मुले असतील त्यांच्यासाठीही थोडे. तिथे २०२२ च्या उन्हाळ्यात तीन महिने, महिन्याला नऊ युरोत देशभराच्या साध्या गाड्यांत हिंडायचे तिकीट निघाले आणि सुमारे पाच कोटी वीस लाख तिकिटे खपली. त्याच्याच पाठोपाठ १ मे २०२३ पासून ४९ युरोचे मासिक तिकीट आले. २०२५ च्या जानेवारीत ते ५८ युरोंचे झाले. साध्या गाड्या, बस, ट्राम, सारे चालते. लांब पल्ल्याच्या जलद गाड्या नाहीत. ते वर्गणीसारखे दरमहा आपोआप पुढे चालू राहते. महिन्याच्या दहा तारखेच्या आत रद्द केले नाही तर तुम्ही अक्कलकोटला आणि तिकीट जर्मनीत चालू, असे व्हायचे.

"आपल्याकडे असे काही नाही का?" असे कुणी विचारील. परदेशी प्रवाशांसाठी आपल्या रेल्वेचा इंड्रेल पास होता, तो २०१७ मध्ये बंद झाला. पण सर्क्युलर तिकीट म्हणून एक जुनी सोय आपल्या रेल्वेत आहे, आणि ती फार थोड्यांना ठाऊक असते. एका स्टेशनावरून निघून गोल फिरून तिथेच परत यायचे, वाटेत आठ ठिकाणांपर्यंत उतरायची मुभा. अंतर वाढेल तसा किलोमीटरमागचा दर उतरत जातो. त्यामुळे सुटी-सुटी तिकिटे काढण्यापेक्षा ते स्वस्त पडते. यात्रेकरूंना फार सोयीचे.

आणि आपली पॅसेंजर? मार्च २०२० मध्ये महामारीने ती थांबली. पुन्हा सुरू झाली तेव्हा पुष्कळ ठिकाणी तिला एक्स्प्रेसचे नाव आणि एक्स्प्रेसचे भाडे लागले. किमान दहा रुपयांचे तीस झाले. भाजीचे गाठोडे घेऊन दोन स्टेशने जाणाऱ्या बाईला वीस रुपये म्हणजे काय, हे विमानातून फिरणाऱ्यांना सांगून कळायचे नाही. फेब्रुवारी २०२४ मध्ये ते भाडे पुन्हा दहावर आले, तेव्हा आमच्याकडे स्टेशनाच्या वाटेवर एका म्हातारीने मला थांबवून ही बातमी सांगितली होती. मी त्या वेळी नुसते 'हो का' म्हणालो. आज भेटली तर थांबून बोलेन.

या दिवाळीला लेक, जावईबापू आणि नातू इकडे येणार आहेत. घरात चकलीचा वास सुटला आहे. भाऊबीजेचा बेत हिने स्वतः आखला आहे, मला फक्त कळवण्यात आले. हिचे भाऊ दुधनीला असतात. दरवर्षी ते गाडी करून इकडे येतात. यंदा त्यांना सांगितले आहे, तुम्ही येऊ नका, आम्ही येतो. मोटारीने नाही. अक्कलकोट रोडहून, दुधनीला थांबणाऱ्या गाडीने.

"नातवाला दाखवायचं आहे," ती म्हणाली.

"काय दाखवायचं आहे?"

"फलाट."

तिकिटे काढायचे काम अर्थातच माझ्याकडे आहे. ती मोजून खिशात घालीन. पण बसेन तिच्याच डब्यात, तिच्याच बाकावर, आणि खिडकीची जागा तिला देईन.